गणित घ्यायचे की एस.पी.? अकरावीच्या दारातला प्रश्न

दहावीचा निकाल लागला की आमच्या मांडवा भागातल्या वस्त्यांमधून पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवसापासून घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : पुढे काय? गेल्या वर्षी आमच्या शेजारची एक मुलगी ७१ टक्के गुण मिळवून पास झाली. वडील बंगल्यावर माळीकाम करतात, आई दोन घरची धुणीभांडी करते. मुलीने कॉमर्सला जायचे एवढे ठरले होते. अडले होते ते एका विषयापाशी. इंग्रजी, दुसरी भाषा, अर्थशास्त्र, बुककीपिंग आणि ओ.सी. यांच्या जोडीला बहुतेक कॉलेजांत गणित किंवा एस.पी., म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यांपैकी एक विषय निवडावा लागतो.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. मागोमाग तिची आई.

"काका, सगळे म्हणतात मॅथ्स घेऊ नको, दांडी उडेल. एस.पी. पाठ केलं की मार्क पडतात."

"तुला दहावीला गणितात किती होते?"

"अठ्ठावन्न."

"मग तुला स्वतःला काय वाटतं?"

पोरीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "भाऊ, आम्हाला त्यातलं काय कळतंय? पण नापास झाली तर हिचे वडील शिक्षण बंद करतील, एवढं मला कळतं."

त्या माउलीचे बोलणे खोटे नव्हते. आपल्या घरात एका विषयात नापास होणे म्हणजे नुसता एक विषय जाणे नसते. मुलगा कामाला जुंपला जातो, मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. म्हणून त्या दिवशी मी झटकन उत्तर दिले नाही. पालकहो, जे दुसऱ्या दिवशी सांगितले तेच इथे मांडतो.

माझा विषय कोणी निवडला?

मी अकरावीला एस.पी. घेतले होते. खरे म्हणजे मी घेतले नव्हते. प्रवेशाच्या खिडकीवर फॉर्म तपासणाऱ्या गृहस्थांनी माझा जातीचा दाखला पाहिला आणि मला न विचारताच एस.पी.वर खूण केली. "तुम्हा लोकांना हेच बरं पडतं," असेही वर म्हणाले. त्या वेळी मला राग आला नाही, याचे आज जास्त वाईट वाटते. उलट सुटलो असे वाटले.

बारावीपर्यंत ठीक चालले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर आमच्या वेळी सक्तीचा होता. ज्यांनी बारावीपर्यंत गणित केले होते ते निवांत होते. आम्ही एस.पी.वाले एकमेकांच्या वह्या पाहत होतो. मला केटी लागली. दुसऱ्या खेपेला कसाबसा सुटलो. पुढे नोकरी लागली, संसार झाला. पण आकड्यांचा कागद समोर आला की पोटात गोळा उठायचा, तो बरीच वर्षे गेला नाही. एस.पी. विषय वाईट होता असे मुळीच नाही. कंपनीचा कारभार, शेअर्स, कर्जरोखे, पत्रव्यवहार हे त्यातले शिक्षण ऑफिसात मला रोज उपयोगी पडले. दुःख एवढेच की निवड माझी नव्हती.

दार बाहेरून लावलेले आणि आतून लावलेले

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना पर्शियन घ्यावे लागले. पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा ३८ च्या आतच. त्याच विद्यार्थ्याने १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा तो प्रबंध चांदीचे भाव, हुंडणावळीचे दर आणि किमती यांच्या आकड्यांनी भरलेला आहे.

हे सांगून मुलांच्या डोक्यावर ओझे ठेवायचे नाही. प्रत्येकाने डी.एस्सी. व्हावे असेही म्हणणे नाही. सांगायचे ते एवढेच, की त्या काळी विषयाचे दार बाहेरून लावलेले होते. आज कोणताही कायदा आपल्या मुलीला गणितापासून अडवत नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून मिळते. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, ही तिची अट आहे. गणित घेतले काय आणि एस.पी. घेतले काय, तिच्यात फरक पडत नाही. तरीही आपली बरीच मुले पुस्तक न उघडताच गणित सोडतात. म्हणजे आता कडी आतून लागते आहे.

त्या पुस्तकात आहे तरी काय?

कॉमर्सच्या गणितात फंक्शन, लिमिट, डेरिव्हेटिव्ह असे नवे प्रकार आहेत, त्यांचीच भीती वाटते. पण त्याच अभ्यासक्रमात कमिशन, विमा, हप्ते, निर्देशांक हेही आहे. हे तर आपल्या घरातले विषय आहेत.

एक उदाहरण घ्या. बायका छोटे कर्ज काढतात. समजा १०,००० रुपये, "फक्त १२ टक्के फ्लॅट", मुदत एक वर्ष. व्याज १,२०० रुपये, एकूण परतफेड ११,२००, महिन्याचा हप्ता साधारण ९३३ रुपये. बारा टक्के ऐकायला बरे वाटतात. पण दर महिन्याला मुद्दलही फिटत जाते. वर्षभरात सरासरीने तुमच्या हातात १०,००० रुपये राहतच नाहीत, ५,४०० च्या आसपास राहतात. तेवढ्यावर १,२०० रुपये व्याज म्हणजे दर पडतो बावीस टक्क्यांच्या घरात. हप्त्यांचा धडा नीट शिकलेली मुलगी हे आईला सही करण्याआधी सांगू शकते.

दुसरे उदाहरण निर्देशांकाचे. कामगाराचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. १९६३ साली मुंबईच्या कामगार संघटनांनी तक्रार केली, की निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही आणि त्यामुळे भत्ता कमी मिळतो. मोर्चे निघाले, बंद झाला. सरकारला अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. समितीला निर्देशांकात दोष आढळला आणि तो दुरुस्त करावा लागला. लढा रस्त्यावर झाला हे खरे, पण चूक दाखवायला आकडे समजणारी माणसेही लागली.

आपल्या अलिबाग तालुक्याला हे नवे नाही. चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसता संप चालवला, आणि बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. कष्ट कुळाचे आणि हिशेबाची वही खोताची, हा त्या काळचा रिवाज होता. वही वाचता येणे ही आपल्यासाठी चैन नाही.

कठीण आहे, हे मान्य

एवढे असूनही गणित प्रत्येकाने घ्यावेच, असे मी म्हणणार नाही. एस.पी. परीक्षेआधी महिनाभर जीव लावून वाचले तर निभते. गणिताला रोज बसावे लागते. पंधरा दिवस सुटले की वर्गातले बोलणे परके वाटू लागते. मांडव्याहून अलिबागला कॉलेज आणि क्लास करायचा म्हणजे एस.टी.च्या वेळा सांभाळा. घरी आल्यावर मुलीला पाणी, भांडी, धाकट्या भावंडांचे काम. टक्केवारी खाली येण्याचा धोकाही आहे.

पुढचा विचारही करावा. सी.ए. व्हायचे मनात असेल तर फाउंडेशनला गणित, तर्क व संख्याशास्त्राचा १०० गुणांचा पेपर आहे. बारावीला गणित घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही, पण ते घेतलेल्याला हा पेपर हलका जातो. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या वाटेला जायचे असेल तरी गणित हवे. मात्र साधे बी.कॉम. करून बँकेची किंवा सरकारी परीक्षा द्यायची असेल, तर त्या परीक्षांत मुख्यतः शाळेतलेच अंकगणित वेगाने सोडवावे लागते. त्यासाठी बारावीला गणित नसले तरी चालते.

मग ठरवायचे कसे?

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, की ऐकीव गोष्ट म्हणून किंवा कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. गणिताच्या बाबतीतही हाच मार्ग चांगला.

पहिले, बालभारतीचे अकरावी कॉमर्सचे गणिताचे पुस्तक मिळवा. ते मोबाईलवर फुकट उतरवता येते. कॉलेज सुरू होण्याआधी पंधरा दिवस रोज एक तास पहिला धडा सोडवा. किती उदाहरणे बरोबर आली हे मोजू नका. एक उदाहरण समजावून दिल्यावर त्यासारखे दुसरे स्वतःला करता येते का, एवढेच पाहा. येत असेल तर गणित झेपेल.

दुसरे, अडले तर विचारायला एक माणूस शोधून ठेवा. शेजारचा मुलगा, शाळेचे जुने सर, कोणीही.

तिसरे, विषय बदलायचा झाला तर कॉलेजात अर्ज कोणत्या तारखेपर्यंत घेतात, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. सुरुवातीला गणित सोडून एस.पी.कडे येता येते. वर्ष सरल्यावर एस.पी.कडून गणिताकडे जाणे फार अवघड.

चौथे, आईवडिलांसाठी. मुलाला आधीच शब्द द्या, की एका विषयात राहिलास म्हणून शिक्षण बंद होणार नाही. बारावीच्या निकालानंतर बोर्डाची पुरवणी परीक्षा असते. हा शब्द मिळाला नाही तर हुशार मूलसुद्धा सोपा विषय धरून बसते.

आमच्या शेजारच्या मुलीने पंधरा दिवस पुस्तक सोडवले. तिच्याबरोबर तिची एक मैत्रीणही बसली होती. मैत्रिणीने शेवटी एस.पी. घेतले, आणि ती आनंदात आहे, कारण तिने पाहून ठरवले. हिने गणित घेतले. तिच्या वडिलांशी बोलायला मी आणि तिची आई दोघे बसलो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकदा राहिली तर चालेल." तेवढे पुरे होते.

पहिल्या चाचणीत तिला २५ पैकी ९ मिळाले. तो कागद तिने घरी लपवला नाही. त्यानंतर दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात दोन तास आम्ही चारपाच जण गणिताला बसू लागलो. बारावी सायन्स केलेला एक मुलगा शिकवतो, मीही पाटी घेऊन मागे बसतो. केटीवाला माणूस चाळिशीत डेरिव्हेटिव्ह शिकतो म्हणून पोरे हसतात. हसू देत. वार्षिक परीक्षेत तिला गणितात १०० पैकी ५२ पडले. आता ती बारावीला आहे.

आपापल्या विहारात अकरावी-बारावीच्या गणिताची दोन जुनी पुस्तके, एक फळा आणि रविवारचे दोन तास, एवढी सोय कोणत्याही वस्तीला करता येईल. जूनमध्ये फॉर्म भरायच्या आधी ती झाली तर बरे.

जयभीम.