निवटा आपला कोणी नव्हे
(लेखांक नववा)

पलसाण्याला बहिणीकडे गेलो की भाऊजी सुरतेहून हटकून लेवटा आणतात. कोकणात ज्याला निवटा म्हणतात, तोच हा. पिशवीतले निवटे परातीत ओतले, तर त्यातला एक पुढच्या दोन परांवर रेटा देत काठापर्यंत आला, थबकला आणि बेडकासारखे डोळे आत ओढून पुन्हा बाहेर काढले. भाचा ओरडला, "मामा, तू लिहिलंस तो जमिनीवर आलेला मासा हाच ना?"

नव्हे. पण असे कुणालाही वाटेल, कारण ओहोटीच्या चिखलात हा खरोखरच चालतो. तरीही तो बांगडा-सुरमईच्या भाऊबंदांतला. त्याचा पर म्हणजे काड्यांवर ताणलेला पडदा. बुडाशी थोडे स्नायू आहेत, पण आत चार चपट्या हाडांची रांग थेट खांद्याला चिकटलेली. आपल्या पूर्वजांच्या पराला मांसल बुंधा होता आणि खांद्यात बसणारे हाड एकच. स्वतःचा दंड चाचपून पाहा. कोपरापर्यंत लागते ते त्याच हाडाचे आजचे रूप.

असा मांसल पर सीलाकँथ नावाच्या माशाला असतो. या कुळाचे जुने जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि एक नमुना आपल्या अगदी शेजारचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्या गावावरून नाव पडलेल्या ज्युरासिक खडकांतून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन यांनी १९७४ मध्ये 'इंडोसीलाकँथस रोबस्टस' जगापुढे आणला. भारतातला तो पहिला जीवाश्म सीलाकँथ. संख्याशास्त्राच्या संस्थेत माशांची हाडे कशी, असे वाटेल; पण बारापासॉरस हा अजस्र डायनोसॉरही याच खडकांतला आणि त्याच संस्थेचा.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे कूळ संपले, असे सगळे धरून चालले होते. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनच्या धक्क्यावर संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना मासळीच्या ढिगात एक निळसर पर दिसला, आणि तो समज मोडला. दुसरा मासा मिळायला १९५२ उजाडले. तो कोमोरो बेटांजवळ सापडला. तिथल्या कोळ्यांना 'गोंबेसा' चांगलाच माहीत होता. विचारायला कोणी गेले नव्हते, इतकेच.

त्याला 'आपला पूर्वज' म्हणण्याची वर्तमानपत्री सवय मात्र सोडावी. तो चुलता, तोही लांबचा. पाणबुडीतून पाहिले तेव्हा तो परांवर चालताना दिसलाच नाही. पर आळीपाळीने हलवत संथ पोहत होता. २०१३ मध्ये त्याचा जीनोम वाचून झाला, त्यातून चार पायांच्या प्राण्यांना फुप्फुसमासा अधिक जवळचा ठरला.

या फुप्फुसमाशाचे दातही आपल्या शेजारीच, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मालेरीच्या तांबड्या मातीत मिळाले आहेत. पंख्यासारख्या कंगोऱ्यांची ती जाड चकती असते. त्यातल्या एका जातीला थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून 'सेराटोडस हिस्लॉपियानस' हे नाव दिले. तेव्हा सेराटोडस म्हणजे केवळ दगडातले दात होते. त्याचा जिवंत नातलग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून शास्त्रज्ञांपुढे आला तो त्यानंतर ११ वर्षांनी, १८७० मध्ये.

भाच्याला हवा असलेला मासा म्हणजे टिक्टालिक. त्याच्याविषयी पुढच्या आठवड्यात.