कूलरला करंट उतरतो तेव्हा

मार्च सरत आला की मेहरूणमध्ये घरोघरी पत्र्याचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात. मग आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते: "ताई, कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. पण चालतो चांगला." या चांगलं चालण्यातच धोका आहे, म्हणून आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची तार नसते. मोटरचं किंवा पंपाचं वेष्टन खराब झालं की करंट पत्र्यावर उतरतो. त्याला जमिनीकडे वाटच नसते, म्हणून फ्यूज उडत नाही, काही बंद पडत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पाणी भरणारी बाईच मग त्याची वाट होते.

मोठ्या वीज उपकेंद्रातही असा छुपा बिघाड होतो. तिथल्या संरक्षण यंत्रणेच्या बॅटरीची तार मुद्दामच जमिनीला थेट जोडत नाहीत. एक तार कुठे जमिनीला टेकली तरी काम चालू राहतं; दुसरी टेकली की घात. ओळखायची साधी पद्धत म्हणजे दोन दिवे. उजेड सारखा असेल तर ठीक. एक मंद, दुसरा प्रखर झाला की एकेक शाखा क्षणभर बंद करून बघतात. जी बंद केल्यावर दिवे सारखे होतात, बिघाड तिथे.

घरात हे काम आरसीसीबी करतो. गेलेला आणि परतलेला करंट तो ताडून पाहतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की खटकन पडतो. सारखा पडतो म्हणून तो काढून टाकणारेही आहेत. कुत्रं भुंकतं म्हणून त्याला हाकलण्यातलाच प्रकार!

त्यापेक्षा मेन स्विच बंद करून सगळे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, ते एकच तार तोडतं. आता आरसीसीबी वर करा. तरी पडला तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये, वायरमनला बोलवा. टिकला तर एकेक वस्तू लावून चालू करा, पण तिला हात लावू नका. कूलरचा आधी पंखा, मग पंप. पंप पाण्यात बसतो, त्यामुळे बहुधा तोच निघतो, आणि कधीकधी अर्ध्या तासानं, ओल मुरल्यावर. घाई नको.

आरसीसीबी नसलेल्या घरात हा शोध घेऊच नका. मेन बंद करून प्लग काढा आणि कूलर वायरमनला दाखवा.

पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहा. माती सुकली की ते नावालाच उरतं. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही तो पडला नाही, तर बदलून घ्या.