येमेनांतील मुलांचा अन्नावरील हक्क



आमच्या समितीकडे येणारे पुष्कळ सद्गृहस्थ असें विचारतात कीं, ज्या देशाच्या बाजारांत धान्य विकत मिळतें, तेथें दुष्काळ आहे असें कसें म्हणावें? प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देणें हें ह्या लेखाचें पहिलें काम होय. येमेनांतील मुलांस आपण जें देतों तें दान कीं देणें, ह्याचा उलगडा करणें हें दुसरें.

येमेन देश अरबस्तानाच्या दक्षिण टोंकास आहे. त्याचें एडन बंदर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारांत होतें. १८७६-७७ च्या दुष्काळांत दक्षिणेंतील रयतेचे हाल पाहून ज्यांचें चित्त पेटलें, ते वासुदेव बळवंत फडके एडनच्याच तुरुंगांत १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं वारले. सारांश, हें गांव मराठी माणसास अगदींच परकें नाहीं.

१९१४ च्या महायुद्धासारखी ही लढाई दोन स्पष्ट आघाड्यांची नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्यें हौथी पक्षानें राजधानी साना घेतली. मार्च २०१५ मध्यें सौदी अरेबियाच्या पुढारीपणाखालीं शेजारचीं राष्ट्रें लढाईंत उतरलीं. एप्रिल २०२२ च्या तहकुबीनें मोठी लढाई बरीच थंडावली, परंतु देश दुभंगलेलाच राहिला.

आतां व्यापाराची गोष्ट पाहूं. येमेनांत लागणाऱ्या गव्हापैकीं सुमारें ९० टक्के गहू परदेशांतून येतो. नोव्हेंबर २०१७ मध्यें बंदरांची नाकेबंदी झाली, तेव्हां होदेदा बंदरावर अवलंबून असलेल्या उत्तर भागाचा श्वासच कोंडला. त्याआधीं, सप्टेंबर २०१६ मध्यें, मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलविण्यांत आली आणि असंख्य शिक्षकांचे व नोकरांचे पगार बंद पडले. लढाईपूर्वीं एका डॉलरास सुमारें २१५ रियाल पडत. २०२१ सालीं एडनच्या बाजूस ते १००० च्या वर गेले. म्हणजे रुपयाची पावलीहि उरली नाहीं! गहू दुकानांत आहे, पण गिऱ्हाइकाच्या गांठीं पैसा नाहीं. हा दुष्काळ कोठाराचा नसून खिशाचा आहे. आणि अशा दुष्काळांत प्रथम उपाशी राहतें तें ज्यास स्वतःचा खिसाच नाहीं असें मूल.

घरांत अन्न नसलें म्हणजे मुलाचें काय होतें? शाळा सुटते. मुलगा बंदुकीच्या पगारावर लढणाऱ्यांच्या टोळींत जातो. मुलीचें लग्न लवकर उरकण्यांत येतें. लग्नाचें किमान वय १५ वर्षें ठरविणारें कलम तेथील कायद्यांतून १९९९ सालींच काढून टाकलेलें होतें. अशक्त शरीरास रोग गांठतो: २०१७ अखेर पटकीच्या संशयित रोग्यांची संख्या १० लाखांवर गेली. २०१५ ते २०२२ ह्या काळांत ११,००० हून अधिक मुलें मारलीं गेलीं किंवा जायबंदी झालीं, अशी संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीची नोंद आहे. मुलांस सैन्यांत घेणार नाहीं, असें वचन सरकारनें २०१४ सालीं व हौथींनीं २०२२ सालीं लिहून दिलें. वचन लिहिणें सोपें, पण उपाशी घराच्या दारांत तें टिकणें कठीण.

येथें आम्हां वकिलांच्या धंद्यांतील एक गोष्ट सांगतों. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, एग्लंटाइन जेब नांवाच्या इंग्रज बाईनें शत्रुराष्ट्रांतील उपाशी मुलांसंबंधीं पत्रकें वांटलीं, म्हणून तिजवर लंडनांत खटला झाला व तिला पांच पौंड दंड झाला. परंतु तिचें म्हणणें ऐकून खुद्द सरकारी वकिलानेंच दंडाची रक्कम देऊं केली! मुलाचें पोट शत्रूचें नसतें, हें त्याला पटलें. तिनें सिद्ध केलेला मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघानें १९२४ सालीं मान्य केला. त्याचीच पुढील वाढ म्हणजे १९८९ चा बालहक्कांचा करार. येमेननें तो १९९१ सालीं व हिंदुस्थानानें १९९२ सालीं मान्य केला. मुलाचें जीवित, आरोग्य, पोषण व शिक्षण हे त्यांत हक्क म्हणून नमूद आहेत. आणि एका राष्ट्राचें बळ अपुरें पडेल तेथें राष्ट्रांनीं परस्परांस साह्य करावें असेंहि त्यांत आहे. हा करार राष्ट्रांस बांधतो, व्यापाऱ्यास नव्हे, हें आम्ही वकील म्हणून कबूल करतों. तथापि राष्ट्राची सही ती आपलीच सही. सही केलेल्या रकमेस सज्जन मनुष्य दान म्हणत नाहीं.

हें देणें फेडतां येण्याजोगें आहे. मुलाच्या दंडाभोंवतीं फीत गुंडाळावी. माप साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरलें तर प्राण धोक्यांत आहेत असें समजावें. अशा मुलास दुसरा विकार नसल्यास शेंगदाणे, दुधाची भुकटी, तेल व साखर ह्यांचा जीवनसत्त्वयुक्त लगदा घरींच देतां येतो. त्यास शिजविणें नको, पाणी मिसळणें नको. एका पुडींत ९२ ग्रॅम लगदा व सुमारें ५०० उष्मांक असतात. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक मुलें सावरतात. एका खोक्यांत १५० पुड्या असतात, व एक खोकें म्हणजे ढोबळ मानानें एक मूल.

पैसा मुलापर्यंत पोंचतो काय, ही शंकाहि रास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्यें उत्तर भागांतील सर्वसाधारण धान्यवांटप जागतिक अन्न कार्यक्रमास थांबवावें लागलें. निधि अपुरा होता, आणि अन्न कोणास द्यावें ह्याविषयीं तेथील सत्ताधाऱ्यांशीं एकमत होईना. म्हणून आम्ही देणगीदारांस सांगतों कीं, हिशेब अवश्य मागावा, पण हात आंखडूं नये. पोत्यांच्या संख्येवरून संतुष्ट न होतां किती मुलांच्या दंडांचें माप वाढलें तें विचारावें. सावकार मुदत वाढवून देऊं शकतो. उपाशी मूल देऊं शकत नाहीं. हें ध्यानीं आणून प्रत्येकानें यथाशक्ति हातभार लावावा, हीच विनंति.