गतिमान निवडसूची व गावांचे संकेतांक : सातारा-सांगलीच्या संदर्भात

महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहताना जिल्हा, तालुका व गाव क्रमाने निवडावे लागते. गतिमान निवडसूचीत नावे पानावर कायमची लिहिलेली नसतात. सातारा निवडल्यास ११, सांगली निवडल्यास १० तालुके डेटाबेसमधून मागविले जातात. सूचीत नाव दिसले तरी सर्व्हरकडे गावाचा संकेतांकच गेला पाहिजे. नागठाणे सातारा तालुक्यात आहे. बालगंधर्वांचे नागठाणे पलूस तालुक्यात. केवळ नावावर शोध घेतल्यास शेतकऱ्याच्या हाती भलत्याच गावचा उतारा पडेल. शिवाय नावे बदलतात. १९४९ मध्ये निर्माण झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला. अशा वेळी संकेतांक स्थिर असल्यास मुख्य तक्त्यातील एकच नोंद बदलावी लागते. अन्यथा नाव लिहिलेली प्रत्येक जुनी नोंद शोधत बसावे लागते.