पत्त्याची मधली ओळ

गेल्या आठवड्यात पाच रंग आणि मानाचा हिशेब उरकला. आता पत्त्यांचे प्रकार. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नव्याने शिकणारा माणूस पत्ता हातात आला की आधी चित्र बघतो, मग वरच्या कोपऱ्यातली किंमत बघतो आणि तिथून थेट खालच्या चौकटीतला मजकूर वाचायला लागतो. चित्र आणि मजकूर यांच्यामधल्या बारीक पट्टीवरून नजर घसरून जाते. नवख्यांचे बरेचसे वाद मात्र त्या पट्टीवरच मिटतात. पत्ता काय करतो ते मजकूर सांगतो. तो कधी टाकायचा आणि टाकल्यावर मैदानावर राहतो की जातो, हे ती पट्टी सांगते. रमीत किंवा मेंढीकोटात आपली पाळी आली की पत्ता टाकता येतो, तिथे पत्त्याची स्वतःची अशी वेळ नसते. इथे ती असते, आणि पुष्कळदा डाव तिच्यावरच ठरतो.

लँडचं फार सांगायला नको. प्लेन्स, आयलंड, स्वॉम्प, माउंटन, फॉरेस्ट यांची ओळख झालेलीच आहे. लँडला किंमत नसते, पण एका पाळीत एकच टाकता येतं. शिवाय लँड हा स्पेल नव्हे. त्यामुळे समोरच्याचा कुठलाही स्पेल हाणून पाडणारा निळा काउंटरस्पेल लँडला हात लावू शकत नाही. साठ पत्त्यांच्या डेकमध्ये साधारण चोवीस लँड ठेवायचा प्रघात आहे. नव्या खेळाडूला ही उधळपट्टी वाटते. तो त्यातले पाच-सहा काढून तिथे ड्रॅगन भरतो, आणि मग ते ड्रॅगन हातातच म्हातारे होतात.

क्रिएचर ओळखायला सोपं, कारण खाली उजव्या कोपऱ्यात दोन आकडे असतात. ‘ग्रिझली बेअर्स’ दोन मानाला मिळतं आणि ते २/२ आहे, म्हणजे दोन मारतं आणि दोन मार बसला की मरतं. क्रिएचर मैदानात उतरलं त्या पाळीत हल्ल्याला जात नाही. एका हिरव्या मानाचं ‘लॅनोवार एल्व्ज’ आडवं केलं की एक हिरवा माना देतं, पण तेही पुढच्या पाळीपासून.

इन्स्टंट आणि सॉर्सरी या जोडीपाशी जरा थांबू. दोन्हींचं काम एकदाच होतं आणि पत्ता लगेच ग्रेव्हयार्डात, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात जातो. फरक वेळेचा आहे. सॉर्सरी फक्त आपल्या पाळीत, हल्ल्याच्या आधी किंवा नंतर, आणि दुसरं काही चालू नसतानाच टाकता येते. इन्स्टंटला हे बंधन नाही. समोरच्याच्या पाळीत, भर हल्ल्यात, त्याच्या स्पेलला उत्तर म्हणून, केव्हाही तो टाकता येतो.

या मोकळीकीची किंमत काय? ‘रॅथ ऑफ गॉड’ ही चार मानाची सॉर्सरी, मैदानावरची सगळी क्रिएचर्स साफ करणारी. २००० साली ‘इन्व्हेजन’ संचात ‘राउट’ आली. काम तेच, माना पाच. पण आणखी दोन माना मोजायची तयारी असेल तर हीच सॉर्सरी इन्स्टंटसारखी, समोरच्याच्या पाळीतही टाकता येते. वेळेचा भाव इतका स्पष्ट छापलेला क्वचितच दिसतो.

आता एक हाणामारी जवळून बघू. तुमचं २/२ अस्वल हल्ल्याला निघालं आणि समोरच्याच्या २/२ अस्वलाने वाट अडवली. तुम्ही एक हिरवा माना देऊन ‘जायंट ग्रोथ’ टाकता. या पाळीपुरतं तुमचं अस्वल ५/५ होणार. होणार, अजून झालेलं नाही. तेवढ्यात समोरचा माउंटन आडवं करून ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकतो, म्हणजे तीन मार. शेवटी टाकलेला पत्ता आधी लागू होतो. अस्वल मरतं आणि जायंट ग्रोथला वाढवायला कुणी उरत नाही. तुमचे दोन पत्ते गेले, त्याचा एक. हेच उलट झालं असतं, म्हणजे त्याने आधी बोल्ट टाकला असता आणि त्यावर तुम्ही ग्रोथ टाकला असता, तर अस्वल ५/५ होऊन बोल्टचा तीन मार तरी पचवून बसलं असतं. पत्ते तेच आणि मानाही तेवढाच, फक्त घाई कुणी केली एवढाच फरक. म्हणून मुरलेला खेळाडू समोरच्याच्या चेहऱ्याकडे कमी आणि त्याच्या उभ्या लँडकडे जास्त बघतो.

१९९३च्या पहिल्या आवृत्तीत इन्स्टंटहूनही चपळ असा ‘इंटरप्ट’ नावाचा वेगळा प्रकार होता. काउंटरस्पेल तेव्हा त्यात मोडायचा. १९९९च्या सिक्स्थ एडिशनने तो मोडीत काढला, आणि बरंच झालं. जुना पत्ता हाती लागलाच तर इंटरप्टला इन्स्टंट समजून खेळा.

आर्टिफॅक्ट आणि एन्चांटमेंट दोन्ही मैदानावर मुक्काम करतात. आर्टिफॅक्ट म्हणजे वस्तू, एन्चांटमेंट म्हणजे टिकून राहणारी जादू. एन्चांटमेंटमधली ‘ऑरा’ क्रिएचरला चिकटते. ‘होली स्ट्रेंग्थ’ एका पांढऱ्या मानात क्रिएचरला +१/+२ देते. क्रिएचर मेलं की तीही ग्रेव्हयार्डात, म्हणजे पुन्हा एकाला दोन पत्त्यांचं नुकसान. नव्या खेळाडूंना ऑरा फार आवडतात. माझा सल्ला असा की आपल्या क्रिएचरवर त्या जपून वापराव्यात. ‘पॅसिफिझम’सारख्या, समोरच्याच्या क्रिएचरला हल्ला करू न देणाऱ्या आणि वाटही अडवू न देणाऱ्या ऑरा मात्र बिनधास्त घ्या. २००३च्या ‘मिरोडिन’ संचात आर्टिफॅक्टमध्ये ‘इक्विपमेंट’ आलं. ‘बोनस्प्लिटर’ हत्यार धरणारं क्रिएचर मेलं तरी हत्यार मैदानावर पडून राहतं, आणि पुन्हा एक माना दिला की दुसऱ्याच्या हातात.

प्लेन्सवॉकर २००७च्या ‘लॉरविन’मध्ये आले. त्यांच्यावर लॉयल्टीचे काउंटर असतात, आपल्या पाळीत एकदा त्यांची एक करामत वापरता येते, आणि समोरच्याची क्रिएचर्स तुम्हाला सोडून त्यांच्यावरही चालून जाऊ शकतात. २०२३च्या ‘मार्च ऑफ द मशीन’मध्ये ‘बॅटल’ आलं. त्यातल्या पत्त्यावर आपणच हल्ला करायचा आणि तो पडला की त्याची मागची बाजू फुकटात खेळायची. प्रकार गमतीशीर आहे, पण त्याच्या वाट्याला अजून मोजकेच पत्ते आलेत.

एका पत्त्याला दोन प्रकारही असतात, आणि तिथे खेळ करणाऱ्यांचाही हिशेब चुकू शकतो. मिरोडिनमध्ये ‘ग्रेट फर्नेस’सारखी लँड होती, जी आर्टिफॅक्टही होती. त्याच संचात ‘अफिनिटी’ होती, म्हणजे तुमच्याकडे जितकी आर्टिफॅक्ट तितका माना माफ. चार मानाचं ‘फ्रॉगमाइट’ चार आर्टिफॅक्ट असली की फुकट. एरवी नुसता माना देणारी लँड इथे माना देता देता सवलतही देऊ लागली. २००५च्या मार्चमध्ये स्टँडर्ड स्पर्धांतून आठ पत्त्यांवर बंदी आली, त्यांतले सहा आर्टिफॅक्ट लँड होते. त्यांच्या मजकुरात वावगं फारसं नव्हतं, गोम मधल्या ओळीत होती.

आणि हा ‘टार्मोगॉइफ’, २००७च्या ‘फ्यूचर साइट’मधला दोन मानाचा. सगळ्या ग्रेव्हयार्डांत मिळून पत्त्यांचे जितके प्रकार, तितका त्याचा मार, आणि सोसायची ताकद त्याहून एक जास्त. त्याच्या मजकुरात प्रकारांची यादी छापली होती आणि तीत प्लेन्सवॉकर होता. तोवर एकही प्लेन्सवॉकर बाजारात आला नव्हता!

बोल्टने टार्मोगॉइफ मारायला निघालात तर एक लक्षात ठेवा. बोल्ट तीन मार देतो, मग स्वतः ग्रेव्हयार्डात जातो, आणि कोण मेलं हे त्यानंतर बघितलं जातं. तर हे घ्या दोन डाव. पहिल्यात ग्रेव्हयार्डात फक्त एक ग्रेट फर्नेस आहे. दुसऱ्यात एक माउंटन आणि एक जायंट ग्रोथ. दोन्हीकडे टार्मोगॉइफ २/३ आहे आणि दोन्हीकडे त्याच्यावर बोल्ट पडतो. एक जगतो, एक मरतो. कुठला, ते मांडून बघा. उत्तर पुढच्या भागात, स्टॅकच्या, म्हणजे शेवटचा पत्ता आधी लागू होण्याच्या, हिशेबासोबत.