शहाणे वीजजाळे आणि बीड जिल्हा

सन २०१३ च्या फेब्रुवारी महिन्यात परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्राचे सर्व संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसेही होती. नव्हते ते पाणी. गोदावरीवरील खडका बंधारा आणि माजलगावचा जलाशय या दोन्ही ठिकाणांहून केंद्राला मिळणारे पाणी त्या दुष्काळात आटले होते. सन २०१५ मध्ये हीच पाळी पुन्हा आली. ज्या केंद्राने १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने आरंभ केला आणि पुढे २१० व २५० मेगावॅटचे मोठे संच उभारून मराठवाड्याच्या औद्योगिक जीवनात मानाचे स्थान मिळविले, ते केंद्र असे थंड पडलेले पाहणे जिल्ह्यातील नागरिकांना क्लेशदायक होते. परंतु या घटनेची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. एवढे मोठे केंद्र बंद पडले म्हणून परळी गाव अंधारात बुडाले, असे झाले नाही. राज्यातील अन्य केंद्रांची वीज पारेषण वाहिन्यांवरून येतच राहिली.

याचा अर्थ असा की आपल्या घरात येणारी वीज ही कोणा एका केंद्राची नसते. ती जाळ्याची असते. एका टोकाला उणे पडले तर दुसऱ्या टोकाने भरून काढावयाचे, हे या जाळ्याचे मर्म होय. अलीकडे ‘स्मार्ट ग्रिड’ या नावाने ज्याची पुष्कळ चर्चा होते, ते याच जाळ्याचे अधिक जाणते रूप आहे. नाव परदेशी असले तरी प्रश्न आपल्याच गावचा आहे. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात त्याचे स्वरूप मोठ्या महानगरांहून पुष्कळच वेगळे असणार, हेही उघड आहे.

तोल कसा राखला जातो

पाणी धरणात साठविता येते, धान्य कोठारात ठेवता येते. तारेतील वीज मात्र तशी साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. या तोलाचे माप म्हणजे वारंवारता. आपल्या देशात ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्‌झ ठेवावयाची असते. मागणी निर्मितीहून वाढली की वारंवारता घसरते, मागणी घटली की ती चढते. ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्रात अहोरात्र याच आकड्यावर डोळा ठेवलेला असतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात कोणत्या केंद्राने किती वीज द्यावयाची, याचे वेळापत्रक आदल्या दिवशीच आखले जाते आणि दुसऱ्या दिवशी परिस्थितीनुसार बदलले जाते.

हा तोल बिघडल्यास काय होते, हे देशाने २०१२ च्या जुलैअखेर अनुभवले. ३० जुलैच्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारामुळे तुटली आणि पाठोपाठ संपूर्ण उत्तर भारताचे जाळे कोसळले. ३१ जुलैला उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही क्षेत्रे बंद पडली आणि सुमारे साठ कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. महाराष्ट्र ज्यात मोडतो ते पश्चिम क्षेत्र त्या वेळी तगले. त्यानंतर उच्चदाब जाळ्यावर उपग्रहाच्या वेळेशी जोडलेली मापनयंत्रे बसविण्याच्या कामाला वेग आला. ही यंत्रे एका सेकंदात अनेक वेळा विजेची स्थिती मोजून केंद्राकडे पाठवितात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही जोडले गेले आणि सारा देश एका तालावर चालू लागला. परळी परिसरातील ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र आणि अंबाजोगाईजवळच्या गिरवलीचे ४०० किलोव्होल्टचे उपकेंद्र हे याच मोठ्या जाळ्याचे बीड जिल्ह्यातील गाठीचे ठिकाण म्हणता येईल.

म्हणजे वरच्या थरात हे जाळे पुष्कळसे शहाणे झालेलेच आहे. अडचण आहे ती खाली. ३३ किलोव्होल्टच्या उपकेंद्रातून ११ किलोव्होल्टची वाहिनी, म्हणजे फीडर, निघाला, तो रोहित्रापर्यंत आला, की तेथून पुढे जाळ्याला डोळे उरत नाहीत. कोणत्या तारेवर किती भार आहे, कोठे दाब पडला आहे, कोणते रोहित्र तापले आहे, हे कार्यालयाला कळते ते बहुधा शेतकऱ्याने तक्रार केल्यावर. रोहित्र, ज्याला गावात सारे डीपी म्हणतात, ते जळाले म्हणजे उभ्या पिकाचे पाणी तोडले जाते आणि नवे मिळेपर्यंत हेलपाटे सुरू होतात. बीड जिल्ह्यात शहाण्या जाळ्याची खरी कसोटी ऐरोलीच्या नियंत्रण कक्षात नसून या डीपीच्या खांबावर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

फीडर वेगळे झाले तेव्हा

या दिशेने पहिले मोठे पाऊल पडले ते संगणकाचे नव्हे, तारेचे होते. पूर्वी गावातील घरे आणि शिवारातील पंप एकाच फीडरवर असत. पंपांचा पुरवठा तोडावयाचा तर गावही अंधारात जाई. शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी आणि नळयोजना सारे एकदमच थांबे. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरणाच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. त्या सुमारास कडक भारनियमनाचे दिवस होते. त्याच काळात गावठाण फीडर वेगळे करण्याची योजना हाती घेण्यात आली आणि जेथे ते शक्य नव्हते तेथे सिंगल फेजचा पुरवठा देण्याची व्यवस्था झाली. गावातील मुलांना संध्याकाळी दिव्याखाली अभ्यास करता येऊ लागला, हा त्याचा दिसणारा लाभ. न दिसणारा लाभ असा की फीडरनिहाय हिशेब शक्य झाला. किती वीज सोडली आणि किती विजेचे बिल झाले, यांतील अंतर त्या त्या फीडरवर नेमके दिसू लागले. जे मोजता येत नाही ते सुधारताही येत नाही. शहाण्या जाळ्याचा सारा डोलारा या साध्या मोजणीवर उभा आहे.

शेतीच्या फीडरवर मात्र दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशा चक्राकार पुरवठ्याची पद्धत रूढ झाली. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याने बॅटरी घेऊन ओल्या बांधावर जावयाचे, साप-विंचवाची भीती बाळगावयाची, आणि हल्ली बिबट्याचीही. रात्रीचे हे जागरण टाळण्यासाठी पुष्कळांनी पंपाला ऑटो स्विच बसविले. वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा, ही त्यामागील कल्पना. ती एका शेतकऱ्याच्या सोयीची, पण डीपीच्या दृष्टीने घातक ठरते. सुरू होताना मोटार तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. एकाच डीपीवरील वीस-पंचवीस पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर तो धक्का रोहित्राला सोसवत नाही. शेजारच्या पंपानंतर काही मिनिटांनी आपला पंप सुरू करावा आणि प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडावा, एवढ्या दोन गोष्टींनी दाब सुधारतो आणि रोहित्राचे आयुष्य वाढते. यासाठी कोणतेही परदेशी तंत्र लागत नाही. शाळेतील विज्ञानशिक्षकांनी हा विषय वर्गात घेतला तर तो घरोघर पोहोचेल. सन २०१८ पासून राबविलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांसाठी लहान स्वतंत्र रोहित्र देण्याचा मार्ग अवलंबिला गेला, तोही याच दुखण्यावरचा उपाय होता.

दिवसा वीज, तीही गावाजवळची

रात्रपाळीतून सुटण्याचा खरा मार्ग सूर्याने दाखविला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात राळेगणसिद्धी येथे २ मेगावॅटचा प्रकल्प २०१८ मध्ये उभा राहिला. सन २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, आणि त्यातील आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ मध्ये सुरू झाला. यात प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीवर पत्रे बसवावयाचे नसतात. शेतीचा संपूर्ण फीडरच उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पाला जोडावयाचा असतो.

एक साधा हिशेब करून पाहू. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे ३.७ किलोवॅट वीज घेतो. एखाद्या फीडरवर असे चारशे पंप एकदम चालले तर भार होतो सुमारे १,४८० किलोवॅट, म्हणजे दीड मेगावॅट. तारेतील गळती आणि ढगाळ दिवस धरून २ मेगावॅटचा प्रकल्प त्याला पुरेल. अशा प्रकल्पाला साधारणपणे आठ ते दहा एकर जमीन लागते. चंद्रपूरच्या कोळशावर तयार झालेली वीज शेकडो किलोमीटर तारेवरून आणण्याऐवजी ती शिवाराजवळच निर्माण होते. वाटेतील गळती वाचते, आणि मुख्य म्हणजे या विजेला पाणी जवळजवळ लागतच नाही. ज्या जिल्ह्यातील औष्णिक केंद्र दोनदा पाण्यावाचून थांबले, तेथे या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. परळीचे जुने संच आता निवृत्त झाले असून २५० मेगावॅटचे तीन संच उरले आहेत. बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्याही उभ्या आहेत.

तथापि सूर्य आणि वारा यांना वेळापत्रक देता येत नाही. दुपारी सौर वीज भरपूर, आणि संध्याकाळी सहानंतर, नेमके दिवे व पंखे लागण्याच्या वेळी, ती शून्य. येथेच जाळ्याला शहाणे व्हावे लागते. त्याला दोनच मार्ग आहेत: वीज अन्य रूपात साठविणे, किंवा मागणी दिवसाकडे सरकविणे. पहिल्याचे उदाहरण आपल्याकडे घाटघरला आहे. २५० मेगावॅटच्या त्या प्रकल्पात मागणी कमी असताना खालचे पाणी वरच्या जलाशयात चढविले जाते आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज मिळविली जाते.

दुसऱ्या मार्गात शहरांचा वाटा मोठा आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. बीड शहराला माजलगाव जलाशयातून आणि बिंदुसरेवरील धरणातून पाणी मिळते. माजलगावचे पाणी तर लांबवरून पंपाने उचलून आणावे लागते. नगरपालिकेच्या विजेच्या खर्चात पाणीपुरवठ्याचा भाग नेहमीच मोठा असतो. हे उपसा पंप जितके दिवसा, उन्हाच्या वेळी चालतील आणि उंच टाक्या सायंकाळपूर्वी भरून ठेवल्या जातील, तितका संध्याकाळचा भार हलका होईल. भरलेली टाकी ही एक प्रकारे साठविलेली वीजच होय, आणि ती शहराजवळ आधीपासूनच आहे. मोठ्या उद्योगांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा दर लावण्याची पद्धत आपल्या राज्यात जुनीच आहे. नगरपालिकांनी आपल्या पंपांचे वेळापत्रक त्या दृष्टीने तपासून पाहावयास हवे.

मीटरविषयी

स्मार्ट मीटर हा शब्द निघाला की वादाला तोंड फुटते. इटलीमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकातच सुमारे तीन कोटी असे मीटर बसविले गेले. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेतून हे काम आले. आधी पैसे भरून वीज घेण्याच्या कल्पनेला विरोध झाला आणि २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांवर असा मीटर लादला जाणार नाही, असे शासनाने जाहीर केले. मीटर ठरावीक अंतराने वापराची नोंद आपोआप पाठवितो, पुरवठा खंडित झाल्याचे तत्काळ कळवितो, हे त्याचे खरे गुण आहेत. परंतु वाकलेले खांब, लोंबत्या तारा आणि उघड्या पेट्या तशाच ठेवून केवळ मीटर बदलला, तर ग्राहकाच्या दृष्टीने ते बिल वसुलीचे नवे यंत्र ठरते. आधी फीडर, मग रोहित्र आणि शेवटी घराचा मीटर, हा क्रम ग्रामीण भागात अधिक योग्य वाटतो. वीज गेल्याची खबर तक्रारीवाचून कार्यालयाला मिळाली आणि वायरमन तासाभरात आला, की ग्राहकाचा मीटरवरही विश्वास बसेल.

जमिनीचा प्रश्न

ग्रामपंचायत सदस्यांपुढे ही योजना येते ती जमिनीच्या रूपाने. खाजगी जमीन दिल्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, अशी तरतूद दुसऱ्या टप्प्यात आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला विकासकामांसाठी तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये मिळावयाचे आहेत. जमीन उपकेंद्राच्या जवळ असावी लागते, कारण लांबून तार ओढण्यात गळतीही वाढते आणि खर्चही. कोरडवाहू, हलक्या माळरानाच्या मालकाला हे भाडे पिकाच्या उत्पन्नाहून अधिक आणि निश्चित असू शकते. अनुकूल ठराव घेण्यापूर्वी भाडेकराराची मुदत आणि मुदत संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळावयाची, ही कलमे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत.

सरकारी जमीन म्हटली की प्रथम गायरानाकडे बोट जाते, आणि येथे विशेष सावधगिरी हवी. मराठवाड्यात अनेक भूमिहीन कुटुंबे, त्यांत दलित कुटुंबांची संख्या मोठी, गायरानाचे तुकडे वर्षानुवर्षे कसत आली आहेत; धनगरांच्या मेंढ्या आणि गावची गुरे तेथेच चरतात. सातबाऱ्यावर ‘गायरान’ एवढाच शब्द असला तरी जागेवर कोण आहे, हे तलाठी आणि सरपंच यांना ठाऊक असते. मोजणीची तारीख ठरण्यापूर्वी या कुटुंबांना ग्रामसभेत बोलावून त्यांचे म्हणणे ठरावात नोंदवावे आणि त्याच उपकेंद्राच्या पाच-सात किलोमीटरच्या टापूत भाड्याने मिळण्यासारखे खाजगी माळरान आहे काय, याची चौकशी आधी करावी.