दिवसातून दोनदा किनारा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम अंगाला, सिएटलपासून अलास्कातल्या स्कॅगवेपर्यंत, बेटांच्या आडोशाने जाणारा एक जलमार्ग आहे. त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात. लांबी सुमारे 1,600 किलोमीटर. एका बाजूला मुख्य भूमीचे बर्फाळ डोंगर, दुसऱ्या बाजूला हजारो बेटं आणि मधून हिमनद्यांनी कोरून काढलेल्या अरुंद, कमालीच्या खोल खाड्या. मे महिना लागला की शिडाच्या छोट्या नौका या वाटेने उत्तरेकडे निघतात. पुष्कळ नौकांवर माणसं दोनच असतात, नवरा आणि बायको. आणि त्यांतल्या कितीतरी नौकांवर लाइफ जॅकेट घातलेला, वाऱ्याकडे नाक करून बसलेला एक कुत्रा असतो.

सगळी नवलाई या कुत्र्यापाशी आहे. जोडप्याने मनात आणलं तर आठवडाभर नौकेवरून उतरायची गरज नाही. पाणी, शिधा, डिझेल, निजायला ऊबदार जागा, सगळं आतच असतं. कुत्र्याला मात्र सकाळ-संध्याकाळ पायाखाली जमीन लागते. पाऊस असो, धुकं असो, रबरी डिंगी पाण्यात सोडायची, कुत्र्याला उचलून आत घ्यायचं आणि वल्ही मारत किनारा गाठायचा. तो किनाराही असा, की बरेचदा दिवसभराच्या वाटेवर एक घर नाही, एक रस्ता नाही. मोठ्या क्रूझ जहाजांच्या कठड्याला रेलून दर उन्हाळ्यात लाखो प्रवासी हाच किनारा बघतात. नौकेवरची ही दोघं रोज दोनदा त्याच्यावर पाय ठेवतात. कुत्र्यासोबत हिंडणाऱ्यांना हा किनारा जितका कळतो तितका इतर कुठल्याही प्रवाशाला कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिला धडा भरती-ओहोटीचा. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर टोकाजवळच्या प्रिन्स रूपर्ट बंदरात उधाणाच्या दिवसांत हा चढ-उतार सात मीटरांच्या घरात जातो, म्हणजे दुमजली घर बुडावं इतका. शिवाय पाणी सहा तास सारख्या गतीने उतरत नाही. दर्यावर्दींचा जुना आडाखा असा की एकूण उताराचे बारा भाग धरायचे. पहिल्या तासात एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी निघून जातं. सात मीटरांचे निम्मे साडेतीन. दहास एक असा उतार असलेल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर साडेतीन मीटर म्हणजे पाण्याची कड 35 मीटर मागे सरते. कुत्र्याच्या मागे दोघं जरा लांबवर फिरून आली, की डिंगी कोरड्या गोट्यांवर पडलेली आणि समुद्र पार तिकडे. भरतीच्या वेळी याच्या उलट. दोर नीट बांधला नसेल तर डिंगी आपणहून निघून जाते आणि नौका समोर दिसत असूनही गाठता येत नाही.

हाच हिशेब नांगराचा. ओहोटीला दहा मीटर पाण्यात टाकलेल्या नांगरावर भरतीला सतरा मीटर पाणी उभं राहतं, म्हणून साखळी सतराच्या तिप्पट-चौपट सोडावी लागते. जितकी साखळी लांब, तितकं नौकेचं घुमणं मोठं, आणि इथे घुमायला जागा नसते. खाडीच्या भिंती इतक्या सरळ पाण्यात उतरतात की नांगराला तळ सापडतो तो अगदी कड्यालगत. मग पुढून नांगर टाकायचा आणि मागून एक लांब दोर थेट किनाऱ्यावरच्या सीडरच्या झाडाला बांधायचा. एक जण सुकाणूपाशी, दुसरं माणूस दोर घेऊन डिंगीत, आणि डिंगीच्या टोकाला उतावीळ झालेला कुत्रा.

ऑगस्टच्या काळोख्या रात्री या फेरीत आणखी एक चमत्कार घडतो. पाण्यात डायनोफ्लॅजलेट नावाचे सूक्ष्म जीव दाटलेले असले, की धक्का लागताच ते निळसर उजेड सोडतात. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी पाणी पेटतं. कुत्रा डिंगीतून उडी मारून पोहू लागला, की त्याचे चारही पाय उजेडात हलताना वरून स्पष्ट दिसतात.

शिडांबद्दल खरं सांगायचं तर या वाटेवर ती बरेचदा गुंडाळलेलीच असतात. उंच डोंगरांमधल्या खाडीत वारा एकतर नसतो किंवा अगदी नाकासमोरून येतो. इंजिनाच्या जोरावर दहा मीटरांची नौका सहा-सात नॉट वेगाने जाते, त्याहून जास्त नाही. हा आकडा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे सीमोर नॅरोज आहे.

व्हँकुव्हर बेट सुमारे 450 किलोमीटर लांब. पॅसिफिकची भरती त्याला दोन्ही टोकांनी वळसा घालून आत शिरते. दक्षिणेकडून आलेलं आणि उत्तरेकडून आलेलं पाणी बेटाच्या मागे एकमेकांना भेटतं. ज्या भागात ही भेट होते तिथलं पाणी फारसं पुढे-मागे जात नाही, उन्हाळाभर तापत राहतं. म्हणून जवळच्या डेझोलेशन साउंडमध्ये ते वीस अंशांच्याही वर जातं आणि या थंडगार किनाऱ्यावर कुत्र्यासह माणसंही मजेत डुंबतात. तिथून थोडंसं पश्चिमेला गेलं की चित्र पालटतं. व्हँकुव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामधली फट जेमतेम पाऊण किलोमीटर रुंद. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी एका वेळी सारखी नसते, आणि तो फरक भरून काढायला पाणी या फटीतून पंधरा नॉटपर्यंत वेगाने धावतं. सहा नॉटची नौका त्यात उलटी वाहत जाईल. म्हणून वेळापत्रक बघून, भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी थबकतं त्या थोड्या मिनिटांत पार व्हायचं. उधाणाच्या दिवसांत ती मिनिटं दहा-पंधराही नसतात.

पूर्वी या फटीच्या मधोमध रिपल रॉक होता. त्याच्या दोन शिखरांपैकी उंच शिखर ओहोटीला पृष्ठभागाखाली तीनेक मीटरांवर दडलेलं. शंभराहून जास्त जहाजांना त्याने फोडलं किंवा बुडवलं, शंभरावर माणसं घेतली. वरून स्फोट करायचे प्रयत्न प्रवाहापुढे फसले. शेवटी शेजारच्या मॉड बेटावरून खाली बोगदा खणला, समुद्रतळाखालून खडकापर्यंत नेला, त्याच्या पोटातून वर चढवला आणि त्यात बाराशे टनांहून अधिक स्फोटकं भरली. 5 एप्रिल 1958 रोजी ती उडवली. अण्वस्त्र वगळता तोवरच्या सर्वांत मोठ्या नियोजित स्फोटांपैकी तो एक होता आणि कॅनडाभर लोकांनी तो टीव्हीवर थेट पाहिला. खडक गेला, पण प्रवाह आहे तसाच आहे.

क्वाड्रा बेटाच्या आसपास अगदी खालच्या ओहोटीला कुत्रा किनाऱ्यावर धावतो तेव्हा त्याच्या पायाखाली कधी कधी एक भिंत येते. दगडांची, बुटकी, ओहोटीच्या शेवटच्या रेषेला समांतर. ती आपोआप झालेली नाही. इथल्या आदिवासी समाजांनी दगड रचून या भिंती घातल्या. त्यांच्या आत वाळू-चिखल साठून उतार सपाट होतो आणि शिंपल्यांना हवी तेवढीच खोली मिळते. इथल्या सर्वांत जुन्या भिंती 3,500 वर्षांच्या आहेत. संशोधकांनी त्यांतले शिंपले मोजून पाहिले, तर साध्या किनाऱ्यापेक्षा काही जाती दुप्पट, काही चौपट भरल्या. ज्याला आपण रानटी किनारा म्हणतो तो हजारो वर्षं कुणीतरी जिवापाड जपून कसलेला आहे, हे मला या सगळ्या सफरीतलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

आणि त्या माणसांकडे कुत्रेही होते. 1792 मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर प्यूजेट साउंडमध्ये आला तेव्हा त्याने मेंढ्यांसारखे भादरलेले कुत्रे पाहिले आणि नोंदवून ठेवले. कोस्ट सेलिश बायका हे पांढरे, दाट केसांचे कुत्रे लोकरीसाठी पाळत. शिकारी कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना वेगळं, कधी छोट्या बेटांवर, ठेवत. मासे खाऊ घालत. त्यांची लोकर पहाडी बकऱ्यांच्या लोकरीत मिसळून मानाची घोंगडी विणत. एकोणिसाव्या शतकात साथींनी माणसं गेली, वसाहती सत्तेने रीतिरिवाज मोडले आणि ही जात नाहीशी झाली. मटन नावाच्या अशा एका कुत्र्याचं कातडं 1859 पासून स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवलेलं होतं. 2023 मध्ये त्याच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कळलं की या कुत्र्यांचा वंश युरोपीय माणसं येण्याच्या हजारो वर्षं आधीच वेगळा झाला होता. आजच्या नौकेवरचा लॅब्रॅडॉर ज्या वाळूवर लोळतो तिथे त्या लोकरीच्या कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या लोळल्या आहेत.

पुढे केप कॉशनचं टोक ओलांडताना काही तास बेटांचा आडोसा सुटतो आणि पॅसिफिकच्या लाटा थेट अंगावर येतात. दोघंही गप्प असतात, कुत्रा डेकला चिकटून पडलेला असतो. पलीकडे ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट सुरू होतं, 64 लाख हेक्टर. 2016 च्या करारानुसार इथल्या 85 टक्के जंगलावर व्यापारी कुऱ्हाड चालवता येत नाही. काळ्या अस्वलांपैकी काही इथे पांढरी जन्मतात. एका प्रच्छन्न जनुकाच्या दोन प्रती जुळल्या की हा रंग उमटतो. शरदात सॅमन मासे नद्यांतून वर येतात, अस्वलं ते ओढून झाडीत नेतात आणि अर्धे खाऊन टाकून देतात. समुद्रातल्या नायट्रोजनची खूण मग नदीकाठच्या झाडांच्या लाकडात सापडते.

इथे कुत्र्याला मोकळं सोडायचं नसतं. वाळूवर दिसणारे मोठे ठसे त्याच्या नात्यातल्यांचे असतात. इथले लांडगे समुद्राचे लांडगे आहेत. बेटांमधलं बारा किलोमीटरपर्यंतचं पाणी ते पोहून जातात. सॅमन, सील, माशांची अंडी, शिंपले खातात. बाहेरच्या बेटांवरच्या काही लांडग्यांच्या आहारात तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा समुद्राचा असतो. आपल्या हद्दीत आलेला अनोळखी कुत्रा त्यांना खपत नाही. उलटा धोकाही तितकाच खरा: पार्व्हो, डिस्टेंपर असे रोग पाळीव कुत्र्याकडून लांडग्यांकडे जाऊ शकतात. लसीकरण करूनच कुत्र्याला नौकेवर घ्यावं, ते यासाठीही.

लांडग्यांची एक सवय मला फार विचार करायला लावते. सॅमन पकडला की ते बरेचदा फक्त डोकं खातात, धड तसंच सोडतात. डोक्यात चरबी जास्त, हे एक कारण असेल. दुसरा तर्क असा की धडात परजीवी असतात. या किनाऱ्याच्या दक्षिण भागात कच्च्या सॅमनमधल्या एका चपट्या कृमीच्या पोटात एक जिवाणू राहतो. अस्वलाला त्याने काही होत नाही. कुत्र्याने असा मासा खाल्ला आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर बहुतेकदा तो दोन आठवड्यांत मरतो. साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा रोग, पण जवळचा पशुवैद्य दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणून नदीच्या तोंडाशी वास काढत निघालेल्या कुत्र्याचा पट्टा दोघं घट्ट धरतात.

वाट अखेर अलास्कातल्या ग्लेशियर बेला पोचते. 1794 मध्ये व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. मुखाशी बर्फाची भिंत उभी होती. 1879 मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आले तोवर बर्फ साठ किलोमीटरांहून जास्त मागे हटलं होतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, तेव्हा सोबतच्या मिशनरी मित्राचा स्टिकीन नावाचा छोटा काळा कुत्रा होता. जवळच्या टेलर बेमधल्या हिमनदीवर म्यूर वादळी पावसात एकटेच निघाले आणि स्टिकीन हट्टाने मागे गेला. परतताना एका प्रचंड भेगेवर बर्फाचा अरुंद, धारदार पूल तेवढा उरला होता. म्यूर कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत त्यावरून सरकत पार झाले. पलीकडे स्टिकीन रडत राहिला, मागे फिरला, पुन्हा कडेला आला आणि अखेर एकेक पाय ठेवत तो पूल चालून आला. मग आनंदाने वेडा होऊन धावत सुटला. म्यूरनी 1909 मध्ये त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक काढलं.

आज स्टिकीनच्या भाईबंदांना ग्लेशियर बेच्या रानात पाऊल ठेवता येत नाही. हे राष्ट्रीय उद्यान आहे, जून ते ऑगस्ट खासगी नौकांना दिवसाला 25 परवाने, आणि कुत्र्यांनी नौकेवरच राहायचं. ज्यांना आत चार दिवस काढायचे असतात ती जोडपी कुत्र्याला आधीपासून पुढच्या डेकवर अंथरलेल्या चटईवर विधी उरकायला शिकवतात. घरी ती चटई गवतात ठेवून, महिनोन् महिने. मला हा नियम योग्य वाटतो. इथली जमीन आत्ता कुठे बर्फाखालून सुटली आहे आणि ओझं उतरल्यामुळे वर येते आहे, काही जागी वर्षाला तीन सेंटिमीटरपर्यंत. जुन्या नकाशातली खोली आज तितकी उरलेली नसते. शेवाळ, मग आल्डरची झुडपं, मग स्प्रूस, असं जंगल इथे शून्यापासून उभं राहतं आहे. बर्फ पुढे सरकलं तेव्हा हुना ट्लिंगिट लोकांना गावं सोडावी लागली होती. 2016 मध्ये बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांचं कुलगृह पुन्हा उभं राहिलं.

त्याच बार्टलेट कोव्हमध्ये, दोन धक्क्यांच्या मधल्या किनाऱ्यावर, पट्टा बांधलेल्या कुत्र्याला फिरायची परवानगी आहे. म्हणून आत शिरण्याआधीची शेवटची आणि बाहेर पडल्यावरची पहिली थांबण्याची जागा बहुतेक जोडपी हीच ठरवतात, आणि मुक्काम किती दिवसांचा करायचा हे कुत्र्याच्या चटईवरच्या प्रगतीवरून.